ओट्यावर आणि लादीवर वाळलेला गोंद कसा काढायचा?

सुतारकाम उरकलं, आता ग्रॅनाइटच्या ओट्यावर आणि विट्रिफाइड लादीवर गोंदाचे डाग कडक होऊन बसलेत, त्यावर थिनर ओतू का, असं तुम्ही विचारलंय. ओतू नका. आधी डाग कसला आहे ते बघा.

डागावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. पारदर्शक पापुद्रा दुधाळ झाला तर ते साधं पांढरं फेव्हिकॉल. पिवळसर-तपकिरी आणि नखाखाली रबरासारखा दबणारा डाग एसआरचा, म्हणजे सनमायका चिकटवायच्या सिंथेटिक रबरच्या गोंदाचा. ताणला जाणारा, बुळबुळीत लागतो तो सिलिकॉनचा. नख रुततच नसेल तर अ‍ॅराल्डाइटसारखं इपॉक्सी.

पांढऱ्या फेव्हिकॉलवर कडक गरम पाण्यात भिजवलेलं फडकं 20 मिनिटं ठेवा. ते फुगतं, मग जुन्या एटीएम कार्डानेही सोलून निघतं.

खरी मेहनत एसआरची. थिनर थेट ओतलं की विरघळलेलं रबर ग्रॅनाइटच्या छिद्रांत आणि लादीच्या सांध्यांत उतरतं, भोवती काळपट कडं उमटतं आणि ते मूळ डागापेक्षा चिवट असतं. म्हणून आधी जाड थर पात्याने उतरवा. मग थिनरने ओलं केलेलं (निथळणारं नव्हे) फडकं डागावर ठेवून वर प्लास्टिकची पिशवी घाला, 5 ते 10 मिनिटं. मऊ झालं की कोरड्या फडक्याने एकाच दिशेने चोळा. खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळकट्या होऊन सुटेल. दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्या, नाहीतर काढलेलंच परत फासलं जातं. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि पेट घेते. गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती सगळं आधी बंद, खिडक्या उघड्या, हातात मोजे.

सिलिकॉनवर थिनर वायाच जातं, वाळल्यावर ते त्यात विरघळत नाही. साबणाचं पाणी लावून, नवं पातं साधारण 30 अंशांत धरून तासा. उरलेला तेलकट थर टर्पेंटाइनने चोळून काढा.

इपॉक्सीला हॉट एअर गन लागते. सतत फिरवत शेकवा आणि गरम असतानाच खरवडा. एका जागी धरली तर लादी तडकते.

मार्बल किंवा कोटा असेल तर व्हिनेगर, लिंबू, अ‍ॅसिड लावूच नका. हे दगड चुनखडीचे, चकाकी कायमची जाते. पुन्हा पॉलिश करण्याशिवाय इलाज नाही. अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसीवर थिनर नको, पृष्ठभाग विरघळून पांढुरका होतो. तारेचा काथ्या कुठेच वापरू नका, त्याचे कण अडकून गंजतात.

ग्रॅनाइटवर कडं आधीच उमटलं असेल तर टाल्कम पावडर थिनरमध्ये दाट कालवून अर्धा सेंटिमीटर थर द्या आणि प्लास्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा, लेप पूर्ण वाळू द्या आणि झाडून टाका. वाळताना तो मळ वर ओढून घेतो. बहुधा दोन-तीन वेळा करावं लागतं.