डोकेदुखी, हेडफोन आणि गोळ्यांचा हिशोब

"मॅडम, हेडफोन लावून ते 'बायनॉरल बीट्स', म्हणजे दोन कानांत किंचित वेगळे सूर सोडणारे आवाज, ऐकले की मेंदूच्या लहरी बदलतात म्हणे. मग मेंदूला काही इजा तर होणार नाही ना?" मी समुपदेशक आहे; ठाण्याच्या नौपाड्यात माझ्याकडे येणारे बरेच जण हल्ली हे विचारतात. वैशालीनेही (नाव बदललं आहे) हेच विचारलं.

ती कासारवडवलीला राहते, ऐरोलीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. सकाळी घोडबंदर रोडची कोंडी, मग ठाण्याहून लोकल, दिवसभर स्क्रीन. दुपारनंतर कपाळाभोवती फडकं आवळल्यासारखं दोन्ही बाजूंनी दुखायचं, मान आखडायची. उलटी नाही, ठणका नाही. एका ठिकाणी तिला याच आवाजांच्या 'ब्रेनवेव्ह थेरपी'चं महागडं पॅकेज सुचवलं होतं.

इजेची भीती मी आधी दूर केली. एका कानात 200 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 200 कंपनांचा सूर आणि दुसऱ्यात 210 चा सोडला, की मेंदूच्या तळाशी दोन्ही कानांचे संदेश एकत्र येतात आणि सेकंदाला 10 ठोके जाणवतात. हा ठोका बाहेर कुठेच नसतो, म्हणून तर हेडफोन लागतात. डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाच्या हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. डोळे मिटून शांत बसल्यावर मेंदूत 8 ते 13 हर्ट्झच्या अल्फा लहरी ठळक दिसतात. 10 चा ठोका ऐकवला तर मेंदूही त्या तालावर येईल, अशी यामागची कल्पना. पण ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या चाचणीत, तसं दर वेळी दिसत नाही. शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत आढळलंय. ताणाच्या डोकेदुखीसाठी मात्र ठाम पुरावा नाही. आवाज बेताचा ठेवून ऐकायला हरकत नाही. गाडी चालवताना ऐकू नये, आणि फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

मला काळजी वेगळीच वाटत होती. "गोळ्या किती घेता?" असं विचारल्यावर ती जरा थांबली. पर्समध्ये पाकीट कायम असायचं. जवळजवळ रोज एक. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. मिश्र घटकांच्या गोळ्यांना 10 दिवसही पुरतात. हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

तिला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. अचानक उठलेली भयंकर कळ, ताप आणि ताठ मान, हातापायातली कमजोरी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, यात तर समुपदेशकाकडे वेळ घालवूच नये. तिच्यात यातलं काही नव्हतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या कमी केल्या. सुरुवातीला दुखणं वाढलं, तसं वाढणार हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवसांत आम्ही खांदे, मान, जबडा एकेक करून आवळून सैल सोडायचा सराव केला. ताणाच्या डोकेदुखीत शिथिलीकरणाचा उपयोग होतो, याला आवाजांपेक्षा कितीतरी भक्कम आधार आहे.

सराव करताना ती तो आवाज लावायची. मी थांबवलं नाही. हेडफोन लावले की सासूबाई मुलाला दुसऱ्या खोलीत नेत, आणि घरात तेवढा वेळ तिला कुणी हाक मारत नसे. माझ्या मते खरा गुण त्या निवांतपणाचा.

पॅकेज तिने घेतलं नाही. मार्चअखेरीला डोकं अजूनही धरतं, पण गोळी घेतली की ती वहीत तारीख टाकते आणि पुढच्या भेटीला वही डॉक्टरांना दाखवते.