बेदाण्याच्या वहीतला प्रश्न

पत्र : सर, आमची तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. बारावीला मला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत. मला बी.एस्सी. ॲग्री करायचंय, पुढं एमपीएससी. आण्णा म्हणतात, शेतीत काही राहिलं नाही, नर्सिंगला जा. मैत्रीण फूड टेक्नॉलॉजी सुचवते, पण तिथं बिस्किटं करायला शिकवतात म्हणे. शेडवरची वही मीच लिहिते. यंदा एकाच बागेतला एक लॉट पिवळा निघाला, दुसरा काळपट. का, ते कुणालाच सांगता आलं नाही.

उत्तर : तुझं पत्र मी शेवटच्या तीन वाक्यांसाठी पुन्हा वाचलं. नर्सिंग तुझ्या मनात नाही, ते राहू दे.

काळपट लॉट वाळत असताना आभाळ होतं का, ते वहीत बघ. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवल्यावर तो सैल पडतो आणि पाणी लवकर निघतं. हवा दमट असली की वाळणं रेंगाळतं आणि तेवढ्या वेळात मण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, रंग काळवंडून टाकतात. गंधकाची धुरी त्यांनाच रोखते. जास्त झाली की तोच माल तपासणीत नापास. हे सगळं फूड टेक्नॉलॉजी आहे. बिस्किटंही शिकवतात, त्यात वाईट काय?

ॲग्रीत माती, कीड, वाण, अर्थशास्त्र असं बरंच येतं, पण तुझा प्रश्न माल बागेतून निघाल्यावर सुरू होतो. राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते. कृषी अधिकारीच व्हायचं असेल तर मात्र ॲग्रीचा रस्ता सरळ.

दोन्ही पदव्या चार वर्षांच्या, दोन्हींना सीईटी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय जुनं आहे. घरापासून लांब, हे आण्णांना आधीच सांग. खासगी कॉलेज बघायला गेलीस तर इमारत बघू नकोस. यंत्रं चालू आहेत की प्लास्टिकखाली झाकलेली, ते बघ.

एक कडू गोष्ट. पहिली नोकरी बहुधा एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटीची: डोक्यावर जाळी, रात्रपाळी, तासातासाला नमुने आणि पगार ऐकून आण्णा पुन्हा नर्सिंगचं नाव काढतील असा. दोनतीन वर्षं तिथं टिकणाऱ्या मुली पुढं प्रयोगशाळेत, निर्यातीत जातात. 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, आण्णांना आठवत असेल. बाग कितीही चांगली असो, तिथं माल उतरणार की नाही हे तपासणीचा एक कागद ठरवतो. तो कागद करणारी माणसं याच शिक्षणातून येतात.

माझं मत फूड टेक्नॉलॉजी. अर्ज भरण्याआधी यंदाच्या माहितीपुस्तिकेतली विषयगटाची अट स्वतः वाच, कॅफेवाल्यावर सोडू नकोस. आणि वहीत दोन रकाने वाढव: द्रावणात किती मिनिटं, आणि त्या दिवशीची हवा.