'खेळायला दिलं की नुसतं उधळते'

"मॅडम, मी तिच्यासाठी एवढं सगळं मांडते, पण ती नीट खेळतच नाही. दोन मिनिटांत सगळं उधळून मोकळी. तिचं लक्षच टिकत नाही. पुढे शाळेत कसं व्हायचं? काही दोष तर नसेल ना?"

लेक पावणेतीन वर्षांची. आई आयटी कंपनीतली, बहुतेक दिवस घरूनच काम करणारी. सेन्सरी बिन घरोघरी पोचल्यापासून सल्ल्यासाठी येणारे पालक मला हा प्रश्न सारखा विचारतात, म्हणून या आईची हकिकत तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

सेन्सरी बिन म्हणजे पसरट टबात वाळू, माती, धान्य असं काहीतरी भरायचं, त्यात वाट्या-डाव-चमचे आणि चार खेळणी ठेवायची आणि मुलाला हात घालू द्यायचे. त्याला एखादा विषय दिला की झाली 'थीम'. या आईने थीम घेतली होती समुद्राची. रात्री लेक झोपल्यावर दोन किलो तांदूळ निळ्या रंगात घोळवून वाळवले होते. प्लॅस्टिकचे डॉल्फिन, शिंपले आणि पाण्यात टाकल्यावर फुगणारे पारदर्शक मणी आणले होते. मोबाईलमधला फोटो पाहिला, आणि खरोखर देखणा होता तो टब.

मण्यांचं मात्र मी पहिल्याच भेटीत, बाकी काही बोलायच्या आधी सांगितलं : आज घरी गेल्यावर ते काढून टाका. हे मणी पाणी शोषून मूळ आकाराच्या कित्येक पट फुगतात. मुलाने गिळले तर पोटातही फुगत राहतात, आतडं अडतं, शस्त्रक्रिया करावी लागते. एक्स-रेमध्ये ते बहुधा दिसतही नाहीत, त्यामुळे निदानाला उशीर होतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२३ मध्ये, लहान मुलं असतील तिथे हे मणी ठेवूच नका, असं पालकांना बजावलं आहे. आपल्याकडे ते शोभेच्या कुंड्यांसाठी म्हणून सहज विकत मिळतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या टबात शेंगदाणे, हरभरे, छोटे शिंपले, गोट्या, मणी यांतलं काहीही नको. नाकात, कानात आणि सगळ्यात वाईट म्हणजे श्वासनलिकेत जायला एक दाणा पुरतो. राजमाही नको. कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, कारण त्यातलं विष शिजवल्याशिवाय जात नाही. उथळ टबातही पाणी असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. फोन आला म्हणून आत जायचं नाही.

मग मुलीबद्दल विचारलं. नावाने हाक मारली की वळते का? बोटाने दाखवून "ते बघ" करते का? शब्द जोडून बोलते का? आधी येत असलेले शब्द बंद झालेत का? बाहुलीला खोटं-खोटं जेवू घालते का? ओलं, चिकट, खरखरीत हाताला लागलं की रडते, अंग चोरते का? काही मुलांना असा स्पर्श खरंच सोसत नाही. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कृती जमाव्यात म्हणून उपचार करणाऱ्या) ए. जीन आयर्स यांनी गेल्या शतकात स्पर्शासारख्या संवेदनांच्या या अभ्यासाचा पाया घातला. अशा मुलाचा हात धरून चिखलात घालणं म्हणजे त्याचा छळ आहे. या मुलीच्या बाबतीत सगळी उत्तरं निश्चिंत करणारी होती. "उलट गेल्या शनिवारी गावाला गेलो तर खाचराच्या चिखलातून उठायला तयार नव्हती," आई म्हणाली आणि लगेच पुन्हा टबाच्या काळजीकडे वळली. मी ते वाक्य टिपून ठेवलं.

पुढच्या भेटीला मी एक व्हिडिओ मागवला. टब मांडायचा आणि फोन उभा करून द्यायचा, एवढंच.

व्हिडिओत मुलगी टबाशी बसल्याबसल्या आईचा आवाज सुरू होतो. हा कोण? डॉल्फिन! डॉल्फिन कुठे राहतो? पाण्याचा रंग कोणता? नाही, बाळा, खाली नाही सांडायचं. मुलगी एकदाही उत्तर देत नाही. ती वाटीत तांदूळ भरते आणि टबाबाहेर फरशीवर ओतते. थांबते. पुन्हा भरते, पुन्हा ओतते. मग उठून शेजारच्या चटईवर जाते आणि तिथे ओतते. तिथे आवाज येत नाही. चटईकडे बघते, परत फरशीवर येते आणि या वेळी वाटी डोक्याच्या उंचीला नेऊन ओतते. फरशीवर तांदळाचा सडा पडतो, आई वाटी काढून घेते, मुलगी उठून जाते.

मी तो भाग आवाज वाढवून पुन्हा लावला आणि फक्त ऐका म्हटलं. तिसऱ्यांदा लावल्यावर आईला ऐकू आलं. "ती आवाज बघत होती?" हो, आवाजच बघत होती. कशावर पडलं की वाजतं, कशावर पडलं की वाजत नाही, उंचावरून टाकलं तर काय होतं, हे ती एकामागून एक करून पाहत होती. जिचं लक्ष टिकत नाही अशी तक्रार होती, ती मुलगी पूर्ण एकाग्र होती, फक्त समुद्रावर नव्हती. समुद्र तिने कधी पाहिलेलाच नाही. डॉल्फिन तर तिच्या आजोबांनीही पाहिलेला नसणार.

या वयाची मुलं एकच कृती पुन्हा पुन्हा करतात. कोणी भरतं-ओततं, कोणी सगळं पुरून ठेवतं, कोणी एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात वाहून नेत राहतं. ती कृती त्या त्या दिवसांत मुलाच्या डोक्यात चाललेलं काम असते, म्हणून टब त्या कामाला पुरवठा करणारा हवा. मोठ्यांनी ठरवून दिलेल्या गोष्टीत पावणेतीन वर्षांचं मूल दोन-चार मिनिटं रमलं, तर त्यात आजार शोधायचं कारण नाही. तेच मूल स्वतः निवडलेल्या गोष्टीत किती वेळ रमतं ते बघा.

तांदळावरून घरात वेगळंच पेटलं होतं. सासूबाई मावळातल्या, आयुष्यभर भात लावलेल्या. दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावणाऱ्या. त्यांच्यासमोर दोन किलो तांदूळ निळे करून फरशीवर लोटले जात होते. "अन्न पायदळी जातंय आणि मी बोलले तर मी जुन्या वळणाची," हे त्या माझ्यासमोर म्हणाल्या, कारण तिसऱ्या भेटीला मी त्यांनाही बोलावलं होतं. मी त्यांच्या बाजूची आहे. कितीही तज्ज्ञ धान्याचे टब सुचवोत. सकाळी तांदूळ उधळायला द्यायचा आणि दुपारी ताटातला भात उधळला म्हणून रागवायचं, यात मुलाने काय समजावं? वाळू आहे, माती आहे, पाणी आहे, कागदाचे कपटे आहेत, सुती कापडाच्या चिंध्या आहेत. धान्याला हात लावायची गरज नाही.

आईला हे सगळं परदेशातून आलेलं, नवं वाटत होतं. तिला मी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबद्दल सांगितलं. मॉन्टेसरी पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली होती, पण खेड्यापाड्यांत ती महागडी साधनं कुठून येणार? आताच्या पालघर जिल्ह्यात, १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी खडे, शंखशिंपले, बिया, पानं, फुलं यांचीच साधनं केली. मुलाच्या पायाखाली जे आहे तेच त्याच्या हाती दिलं. (तिथे मुलं बाईंच्या नजरेसमोर असत, म्हणून बिया चालत. आपल्या टबात तीन वर्षांपर्यंत नकोच.)

आता टिपून ठेवलेलं ते खाचराच्या चिखलाचं वाक्य काढलं. थीम हवीच असेल तर भाताचं खाचर करा, म्हटलं, आणि मांडणी आजींना करू द्या.

कपडे भिजवायचा पसरट टब घेतला. खाली जुनी चादर. चार बोटं माती. रस्त्याकडेची नाही, कारण कुत्र्या-मांजरांची घाण असते. खत न घातलेली, चाळून दोन दिवस उन्हात तापवलेली. आजींनी मधोमध हाताने बांध घातला. लेकीने पेल्यापेल्याने पाणी ओतून चिखलणी केली. सोसायटीच्या बागेतलं लांब गवत मुळासकट आणून आजींनी एका बाजूला दाटीने रोवलं, ते रोप. केळीच्या पानाच्या तुकड्याचं इरलं एका बाहुलीला घातलं.

आणि लेकीने काय केलं? रोवलेलं सगळं गवत उपटायला घेतलं. आई पुढे सरसावली, तशी आजींनी तिला थांबवलं : "अगं, उपटू दे की. आधी रोप उपटायचं असतं, मगच लावणी. न उपटता काय लावणार?"

हे मला आईने फोनवर सांगितलं. इतके दिवस जे मी शास्त्राच्या भाषेत समजावत होते, ते आजींनी एका वाक्यात केलं. मुलगी उपटत होती, आजी मूठ बांधून देत होती, मुलगी त्या मुठी बांधावर टाकत होती, काही पुन्हा चिखलात खोचत होती. जेवायची वेळ टळून गेली.

हे रोज घडत नाही. पुढे काही दिवस ती टबाकडे फिरकली नाही, एकदा चिखल भिंतीवर फेकला. त्यासाठी एकच नियम ठेवायला सांगितला : माती टबात किंवा चादरीवर. माणसांवर, भिंतीवर गेली की टब आजच्यापुरता उचलायचा, न चिडता, न व्याख्यान देता. उचलण्याचं आणि चादर झटकण्याचं काम बाबांकडे दिलं. ते आढेवेढे न घेता करतात, आणि त्यामुळे आईच्या मनातली "मी कमी पडते" ही बोच बरीच कमी झाली. खरं तर निळे तांदूळ रात्री जागून रंगवायला लावत होती ती हीच बोच. खेळानंतर हात साबणाने धुवायचे, नखं कापलेली ठेवायची आणि अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवायची नाही.

मुलीबद्दल मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नांपैकी एखाद्याचं उत्तर ज्यांना आपल्या मुलाबाबत खटकलं असेल, त्यांनी मात्र टबात वेळ घालवू नये. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली बऱ्याच जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे तपासणी मोफत होते. थांबून पाहू, बोलेल हळूहळू, असं म्हणण्यात मुलाचे मोलाचे महिने जातात.

थीम किती दिवसांनी बदलायची, असं त्या आईने शेवटच्या भेटीत विचारलं. गणपती नुकतेच होऊन गेले होते. लेक त्याच टबात मातीचा गोळा पाण्यात सोडायची, विरघळेपर्यंत बघत बसायची आणि "मोरया" म्हणून दुसरा गोळा मागायची. "मग आता विसर्जनाची थीम करू का?" म्हटलं, ती तिने केलीच आहे. तुम्ही शाडूची माती जास्तीची आणून ठेवा आणि पाणी रोज बदला.