वाचकांचे प्रश्न : गळलेला प्रशीतक हवेतून जातो कुठे?

प्रश्न : पाऊस हवा धुतो, तर एसीतून गळलेला प्रशीतक (थंडावा देणारा वायू) का धुतला जात नाही? आणि सीएफसी-१२ हा जुना प्रशीतक शंभर वर्षे टिकतो, त्याच्या जागी आलेला आर-१३४ए मात्र चौदाच, हे कसे?

उत्तर : हे वायू पाण्यात फारसे विरघळत नाहीत. पावसाने ते वाहून न्यायचे तर आधी त्यांचा रेणू मोडायला हवा. तपांबरात, म्हणजे हवेच्या सर्वांत खालच्या थरात, हे काम मुख्यतः हायड्रॉक्सिल मूलक (एक ऑक्सिजन व एक हायड्रोजन अणूचा अतिक्रियाशील तुकडा) करतो. सुमारे ३३० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी ओझोन फुटला की उत्तेजित ऑक्सिजन अणू सुटतो आणि तो बाष्पाच्या रेणूवर आदळला तर दोन हायड्रॉक्सिल मिळतात. म्हणजे ऊनही हवे आणि दमटपणाही. उष्ण कटिबंधात ही सफाई सर्वांत जोरात चालते, रात्री जवळपास थांबते. एका घन सेंटिमीटरमध्ये हे मूलक सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात आणि प्रत्येक जेमतेम सेकंदभर टिकतो!

हायड्रॉक्सिल कार्बनला जोडलेला हायड्रोजन ओढून घेतो आणि स्वतः पाणी होतो. आर-१३४एच्या रेणूत असे दोन हायड्रोजन आहेत. सीएफसी-१२ मध्ये एकही नाही, त्यामुळे तो तसाच त्यावरच्या थरात, स्थितांबरात चढतो. तिथले तीव्र अतिनील किरण त्याला फोडतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोनवर उठतो.

आयुष्याचा अंदाज घरी काढता येतो : १ भागिले (अभिक्रियेचा दर गुणिले मूलकांची संख्या). चूक होते ती तापमानात. आर-१३४एसाठी २५ अंशांचा दर घेतला तर उत्तर सुमारे ७ वर्षे येते. खरी झीज थंड हवेतही होत असते, म्हणून उणे १ अंशाचा दर घ्यावा. मग १२ वर्षे येतात, म्हणजे मान्य आकड्याच्या बरेच जवळ. आणि चौदा वर्षांनी वायू संपतो असे नाही, तेव्हाही सुमारे ३७ टक्के शिल्लक असतो.

प्रश्न : रेणू मोडला की विषय संपला का?

उत्तर : क्लोरीन आणि फ्लोरीनचा बराचसा भाग हायड्रोजन क्लोराइड व हायड्रोजन फ्लोराइड होऊन पावसात उतरतो. पण आर-१३४एच्या ७ ते २० टक्के रेणूंपासून ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल बनते. आर-१२३४वायएफ हा नवा प्रशीतक रेणूतल्या दुहेरी बंधामुळे दोनेक आठवड्यांतच मोडतो, पण त्याचे जवळपास सगळे रेणू याच आम्लात जातात. ते पाण्यात साचत राहते, सहजी विघटित होत नाही. म्हणून नवा प्रशीतक निवडताना नुसते आयुष्य पाहणे आम्हाला अपुरे वाटते.