‘धारिका’ आणि एक लागलेलं वाक्य

प्रश्न : मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरात वर्षभर फावल्या वेळात काम करतोय. ‘फाइल’ काढून मी सगळीकडे ‘धारिका’ केलं, चाळीसेक ओळी. जुन्या मेंटेनरनी (भाषांतराची देखभाल करणाऱ्यांनी) दुसऱ्याच दिवशी सगळं पूर्ववत केलं आणि गटात सगळ्यांसमोर लिहिलं, ‘मराठी येत नसेल तर हात लावू नये.’ प्रकल्पात कसं वागावं-बोलावं याची आचारसंहिता आहे, तिच्याखाली दोन्हींची तक्रार करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कर, पण फक्त त्या वाक्याची.

ते वाक्य चूकच आहे. बिनपैशाने, रात्री जागून काम करणाऱ्या मुलाला असं कुणीच बोलू नये, मग तो माणूस कितीही जुना असो. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्याच्या प्रकल्पात, त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं टाकून बोलणं लोकांनी वर्षानुवर्षं गिळलं. १६ सप्टेंबर २०१८ला त्यांनी स्वतःच माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाले. त्याच सुमारास कर्नलला ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’ या, अनेक मुक्त प्रकल्प वापरतात त्या नमुन्यावर बेतलेली आचारसंहिता आली. तेव्हा सुरू असलेल्या ४.१९ आवृत्तीचं काम त्यांचे सहकारी ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी पुरं केलं. कर्नलचं काही अडलं नाही.

आता ‘धारिका’. त्याच २०१८मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या ‘सी लायब्ररी’च्या (प्रोग्रामना लागणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचाच्या) माहितीपुस्तिकेवरून वाद पेटला. ‘अबॉर्ट’ हे फंक्शन प्रोग्राम मध्येच बंद करतं, आणि इंग्रजीत ‘अबॉर्ट’ म्हणजे गर्भपात करणंही. त्याच्या माहितीखाली, अमेरिकेत गर्भपाताच्या माहितीवर येऊ घातलेल्या बंदीवरचा एक जुना विनोद होता. तो काढला गेला, ग्नूचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन ‘ठेवा’ म्हणाले, आणि तो परत आला. विनोद राहिला बाजूला. शेवटचा शब्द कुणाचा, रोज देखभाल करणाऱ्यांचा की संस्थापकाचा, यावरच सगळे भांडत बसले. असल्या प्रश्नाला आचारसंहितेत उत्तर नसतं.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. आमच्या गटात ‘फ्री स्पेस’चं ‘मोफत जागा’ झालं होतं. डिस्कवर ४० जीबी मोफत जागा! मी ‘रिकामी जागा’ केलं, गटातल्या एका गृहस्थांनी ते दोनदा उलटवलं. मी चिडून आचारसंहितेचं कलम लावलं. चौकशीत तीन आठवडे गेले, ते गृहस्थ गट सोडून गेले आणि पुढच्या आवृत्तीतही ‘मोफत जागा’ तशीच राहिली. माणूस वाईट नव्हता. भाषांतराच्या चौकटीत त्यांना ती ओळ सुटी दिसायची, डिस्कच्या माहितीतली आहे हे कळायला मार्गच नव्हता. एक स्क्रीनशॉट पाठवला असता तर निभावलं असतं. त्यांच्याइतकं बारकाईने विरामचिन्हं तपासणारं नंतर आम्हाला कुणी मिळालं नाही.

म्हणून ‘धारिके’ची चर्चा गटात वेगळी सुरू कर. तुझी बाजू लंगडी नाही. ‘फाइल’चं अनेकवचन कुठे ‘फाइली’, कुठे ‘फाइल्स’ होतं. ‘धारिका’ एक असो की दहा, ‘धारिका’च. पण तलाठ्यापासून बँकेपर्यंत सगळे फाइलच म्हणतात, हेही खरं. माझं मत ‘फाइल’लाच आहे. शिवाय चाळीस ओळी बदलण्याआधी गटाच्या शब्दसूचीत विचारायला हवं होतंस, हे तिथे मोकळेपणाने मान्य कर.

तक्रारीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं, तारखेसह आणि लिंकसकट दे. स्वतःची विशेषणं लावू नकोस. ‘धारिका’ हा शब्द तिथे एकदाही येऊ देऊ नकोस.