आईची बॅग अजून भरलेलीच आहे

प्रश्न : ताई, बाबा जाऊन दीड वर्ष झालं, आई ७४ ची. दोघा भावांनी ठरवून टाकलं की सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. खाण्यापिण्याची आबाळ नाही, खोटं का बोलू, पण परवा गेले तर तिची बॅग कॉटखाली तशीच भरलेली, म्हटलं अगं कपाटात लाव की, तर म्हणते "राहू दे गं, मार्चमध्ये परत भरायचीच आहे." आता बाबांचा फ्लॅट विकायचा चाललंय आणि आईने हक्कसोडपत्रावर सही करावी म्हणे. मी बोलले तर "तू तुझं सासर बघ". काय करू?

उत्तर : आधी ती सही थांबवा. फ्लॅट बाबांच्या स्वतःच्या कमाईचा असेल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार सारखे वाटे पडतात (बाबांची आई हयात असेल तर पाच). सोसायटीत नॉमिनी म्हणून कुणा भावाचं नाव असलं तरी तेवढ्याने तो मालक होत नाही. हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की परत फिरवणं महाकठीण. आईला मनापासून द्यायचंच असेल तर बक्षीसपत्र करा आणि सांभाळायची अट त्यातच लिहून घ्या, म्हणजे उद्या भाऊ फिरले तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. तोंडी "आम्ही बघू ना" ला तिथे फारसं कुणी विचारत नाही.

याच कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाह भत्ताही मागता येतो, १४५६७ या हेल्पलाइनवर विचारा. पण लगेच तिथे धावू नका, कारण त्या कायद्यात मुलीचीही जबाबदारी धरलीय, भावांनी उद्या "मग तू ने" म्हटलं तर तुमचं उत्तर तयार आहे का?

आणि एक, रागावू नका, तुमच्या एवढ्या पत्रात आईचं वाक्य एकच आहे. तिला कुठे राहायचंय हे कुणी विचारलंय का? कदाचित तिला स्वतःच्याच फ्लॅटमध्ये राहायचं असेल, दिवसभराची बाई ठेवून, मग विकायचा विषयच मिटला. फ्लॅटची किल्ली सध्या कुणाकडे आहे तेही तुम्ही लिहिलं नाहीत. ती या रविवारी आईच्या हातात द्या आणि तिला एकदा तिकडे घेऊन जा, भावांना न विचारता.