सासूला कंसातून बाहेर काढ

चिमूर तालुक्यातल्या एका बाईचं चार पानी पत्र आलंय. नाव, गाव छापत नाही. थोडक्यात असं की नवरा रब्बीत रात्रीच्या लाईनवर, म्हणजे शेतीची वीज रात्री येते तेव्हा, हरभरा अन् गहू ओलवायला वावरात जातो, वावर ताडोबाच्या वाघाच्या जंगलाच्या बफरला लागून, तिथं मोबाईलला रेंज नाही, आणि तो घराबाहेर पडला की हिच्या छातीत जी धडधड सुरू होते ती तो पहाटे दारात येईपर्यंत थांबत नाही. लिहिते की, "मावशी, दोन वर्षं झाली मी प्रभूच्या विश्वासात आली. रात्री कानात हेडफोन लावून वचनं ऐकते, भिऊ नको मी तुझ्याबरोबर आहे हे शंभरदा म्हणते, तरी भेव जात नाही. संगतीतल्या सिस्टर म्हणतात भीती म्हणजेच अविश्वास, बायबलमध्ये 365 वेळा भिऊ नका लिहिलं आहे, रोजचं एक. माझा विश्वास कच्चा आहे काय? देव जवळ आहे हे मला जाणवत काहून नाही?"

आणि तिसऱ्या पानावर, कंसात, एवढंच: "(सासूबाई पण पडवीत जाग्याच असतात, मामाजी म्हणजे माझे सासरे मोहफुलं वेचायला गेले अन् वाघानं मारलं तेव्हापासून त्यांना झोप नाही, मी पाणी प्यायला उठली की डोक्यावरून गोधडी ओढून घेतात, पण त्या विश्वासात नाहीत, गुरुदेवच्या प्रार्थनेला जातात.)"

अवं पोरी, चार पानं तू स्वतःबद्दल लिहिली आणि सासूला कंसात टाकलं. मी वाचत वाचत त्या कंसापाशी आली आणि तिथंच अडकली, उरलेलं पत्र नंतर वाचलं. एका घरात दोन बाया रात्रभर जाग्या, दोघींचा जीव एकाच माणसात अडकलेला, एकीचा नवरा अन् दुसरीचा लेक, आणि तू पाणी प्यायला उठली की ती झोपल्याचं सोंग करते. तूही मग पाय न वाजवता परत जाऊन पडत असशील, हेडफोन लावत असशील. आणि मला विचारून राहिली की देव जवळ आहे हे जाणवत काहून नाही.

मला राग आला, खरं सांगते. तुझ्यावर जीव आहे म्हणून आला, पण आला.

तुझ्या विश्वासाचं आधी पटकन सांगून टाकते कारण त्यात तू उगाच अडकली आहे. ते 365 चं कोणीतरी कधीतरी बोललं आणि सगळीकडे पसरलं, मोजायला बसलं तर तेवढं भरत नाही, आणि भरलं असतं तरी काय, ज्या अर्थी देवाला इतक्यांदा भिऊ नका म्हणावं लागलं त्या अर्थी त्याची माणसं भीत होती. दाविदानं 56 व्या स्तोत्रात सरळ म्हटलंय की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. वाटेल तेव्हा. वाटणारच नाही असं तो म्हणत नाही, अन् तो तर राजा होता, लढवय्या. प्रेषित पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला कशाचीच चिंता करू नका लिहिलं ते बेड्यांत असताना लिहिलं, आणि त्याच वाक्यात पुढं सांगितलं की आपली मागणी देवाला कळवा, म्हणजे मनात आहे ते बोला. वचन ही क्रोसिनची गोळी नाही की घेतली अन् अर्ध्या तासात भेव उतरलं. तुझा विश्वास कच्चा नाही. तुझा नवरा रात्री वाघाच्या रानात जातो आणि तुला भीती वाटते, यात विश्वासाची परीक्षा वगैरे काही नाही, ज्या बाईला वाटणार नाही तिची मला जास्त काळजी वाटेल.

आता मुद्द्याचं. गेथशेमाने बागेतली रात्र, येशूला धरून नेलं ती, तुला माहीत असेल, गुड फ्रायडेच्या आधी मंडळीत वाचतात. येशूला ठाऊक होतं उद्या काय होणार आहे. देवबाप त्याच्यासोबत नव्हता असं तर आपण म्हणत नाही ना? होताच. तरी त्या रात्री तो एकटा नाही गेला, पेत्राला अन् जब्दीच्या दोन्ही पोरांना सोबत घेतलं आणि त्यांना तोंडानं सांगितलं की माझा जीव मरणाइतका दुःखी झाला आहे, इथं थांबा अन् माझ्याबरोबर जागे राहा. विचार कर जरा, देवाचा पुत्र तीन कोळ्यांना म्हणून राहिला की मला सोबत द्या. आणि ते झोपले. तो पुन्हा पुन्हा उठून त्यांच्याकडे येतो, पुन्हा पुन्हा ते झोपलेले, घटकाभर पण जागवलं नाही काय म्हणून विचारतो, आणि मला तर त्या सगळ्या प्रसंगात हे विचारणंच सगळ्यात जास्त लागतं, खिळ्यांपेक्षा पण. ज्याला सोबत पाहिजे होती त्याला ती त्या रात्री मिळाली नाही.

तुला मिळालेली आहे. तुझ्या पडवीत आहे. बोलवायची पण गरज नाही, ती जागीच आहे.

तू म्हणशील मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलंय माझ्या नावानं दोघे किंवा तिघे जमले तिथं मी आहे, आणि सासूबाई काही त्याच्या नावानं जमत नाहीत. मग तू जा ना त्याच्या नावानं. ती तिच्या देवाचं नाव घेईल, घेऊ दे. आणि मी तर म्हणते तिला सोबत बसणं तुझ्यापेक्षा जास्त कळतं, ही गुरुदेवची प्रार्थना तुकडोजी महाराजांची, त्यांनी तुमच्याच तालुक्यात गोंदेड्याला तप केलं, गावोगाव सामुदायिक प्रार्थना लावली, एकट्यानं कोपऱ्यात बसून नाही तर सगळ्यांनी मिळून एका जागी बसून, आणि ही बुढी इतकी वर्षं संध्याकाळी त्या सतरंजीवर बसत आली. दुःख असलं की माणसात जाऊन बसायचं हे तिला पक्कं ठाऊक आहे. फक्त घरात तिच्याजवळ कोणी बसत नाही.

रूथचं पुस्तक वाचलंय काय? नसेल तर वाच, छोटंसं आहे, चारच अध्याय. सगळं सासू-सुनेचं आहे. नामीचा नवरा गेला, दोन्ही पोरं गेली, ती आपल्या गावात परत आल्यावर बायांना सांगते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, देवानं मला कडू करून टाकलं. आणि सून रूथ मवाबची, दुसऱ्या देवाच्या लोकांतली. ती सासूला सोडत नाही. तुम्ही जाल तिथं मी येईन म्हणते, तुमचे लोक ते माझे लोक, आणि देवाचं नाव त्याच्यानंतर येतं. आधी सासूचा हात धरला. तुझ्या घरात उलटं आहे, विश्वासात तू आहे अन् सासू नाही, पण हात धरायचा तो सुनेनंच.

आता त्या कंसातल्या दुसऱ्या गोष्टीवर येते, जी तू घाईघाईत लिहून पुढं गेली. मोहाचं तुला सांगायला नको, मार्च-एप्रिलात फुलं पहाटे गळतात अन् ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून माणसं अंधारातच टोपली घेऊन निघतात, झाडाखालचा पालापाचोळा आधीच साफ केलेला असतो अन् तिथं वाकून वाकून वेचत राहतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत किती माणसं अशी गेली. पण मोह वेचायला बुढा सहसा एकटा जात नाही ना? नवरा-बायको जोडीनं जातात, एक इकडच्या झाडाखाली, एक तिकडच्या. मग तुझी सासू तेव्हा कुठं होती? घरी होती की पंधरा पावलांवर होती? तिनं काही ऐकलं काय, पाहिलं काय? तू लिहिलं नाही, आणि मला वाटते तुला माहीतच नाही. इतकी वर्षं एका चुलीवर जेवून राहिल्या अन् तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाही, आणि ती सांगायला कोणाजवळ जाईल? लेकाजवळ? त्याला तर तिनं सांगूच नये, तो उद्या वावरात कसा जाईल मग.

तू नवरा वाघाच्या तोंडी जाईल म्हणून भिते. तिचा गेला आहे. आणि आता लेक त्याच रानाच्या कडेला जाते अन् ती गोधडीखाली श्वास दाबून पडते, सून पाणी पिऊन जाईपर्यंत, की हिला दिसू नये, ही अजून घाबरू नये. तुझ्यासाठी करून राहिली ती हे. देव जवळ असल्याची खूण तू हेडफोनमध्ये शोधते अन् ती तुझ्या घरातच गोधडी ओढून पडली आहे.

म्हणून एकच काम सांगते, आणि हे लाईन रात्रीची येईल त्या पहिल्याच रात्री करायचं, पुढच्या उपवास-प्रार्थनेनंतर वगैरे नाही. नवऱ्याची बॅटरी वळणावरून दिसेनाशी झाली की कानातलं काढून ठेव. कोरा चहा मांड, दोन कप. घरातला लाईट लाव, लेकरं उठतील तर उठू दे. पडवीत जा अन् तिच्या अंथरुणाजवळ खाली बस, खाटेवर नाही, खाली. ती गोधडी ओढून घेईल. तू म्हण, "आई, मले लय भेव लागते." एवढंच. वचन सांगायचं नाही, साक्ष द्यायची नाही, प्रभूकडे या म्हणायचं नाही, त्या रात्री तू तिला काही द्यायला गेलेली नाही, सोबत मागायला गेलेली आहे. मग ती उठून बसेल. बसेलच, मी लिहून देते. चहा प्या. आणि मग विचार, "आई, मामाजी गेले त्या दिवशी तुम्ही कुठं होता?" आणि मग चूप राहा, कितीही वेळ लागला तरी मधात बोलू नको, ती रडली तर पदर ओढून पुसायला जाऊ नको, रडू दे.

शेवटी तुला प्रार्थना करावीशी वाटली तर तिच्यासमोर मोठ्यानं कर, लपून नको, मनात नको. प्रभू, यांच्या लेकाला घरी आण. तिच्या नावानं माग, तुझ्या नवऱ्याला नाही, यांच्या लेकाला. ती तिचं नाव घेईल देवाचं. पहाटे तो आल्यावर दोघी जणी दारात दिसल्या तर त्यालाही कळेल घरात कोण कोण जागं असते, आणि कळलंच पाहिजे, त्यानं एकट्यानं जाऊ नये यासाठी याच्यापेक्षा मोठं भाषण लागत नाही. बाजूच्या वावरवाल्यासोबत जोडीनं जायचं, मोठ्यानं बोलत, बॅटरी अन् काठी घेऊन, वाकून बसायचं नाही. वाघ गावाजवळ फिरून राहिला असं कळलं तर वनखात्याच्या 1926 ला फोन करायचा, लाजायचं नाही. आणि मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज भरला नसेल तर भरा, शेतकऱ्याला 10 टक्के भरावे लागतात, एससी-एसटी असाल तर 5 टक्के, सूर्यावरचा पंप दिवसाच चालतो, म्हणजे रात्रीचं जाणं सुटते. छातीतली धडधड तो घरी असताना दिवसा पण येऊन राहिली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखव, नाहीतर 14416 वर बोल, टेली मानस म्हणतात, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. देवानं डॉक्टर पण दिलेत.

संगतीतल्या सिस्टरला राग धरून काही बोलू नको, त्यांच्या मनात वाईट नाही. पण पुढच्या वेळी भीती म्हणजे अविश्वास असं म्हणाल्या तर त्यांना घरी मुक्कामाला बोलाव, लाईन रात्रीची असेल तेव्हा. शिकवायला नाही. तुमच्या दोघींसोबत पडवीत बसायला, रात्रभर, तो येईपर्यंत.